बिननंबराचं डोकं

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून तुला वाटेल, बेडकीला आज पाण्याबाहेर यायला वेळ कसा मिळाला. फोनच करणार होते, पण दुकानातल्या फोनवर तू सगळ्यांशी गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलतेस, आणि मला मध्येच रडू आलं असतं. म्हणून कागद घेतला. गोष्ट अशी आहे की माझे केस जाताहेत. डिसेंबरात मानेवर नाण्याएवढा गोल पडला, मग कानामागे. आता मागून अर्धं डोकं मोकळं झालंय आणि डाव्या भुवईनेही निरोप घेतलाय. डॉक्टर म्हणाले, चाई आहे, दुखत नाही, एकाची दुसऱ्याला लागत नाही, केस परत येतील किंवा येणार नाहीत. एवढं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला आत बोलावलं.

तलावावर मी टोपी घालूनच पाण्यात उतरते, त्यामुळे तिथे निभत होतं. पण कपडे बदलायच्या खोलीत दोघींनी पाहिलं आणि आठवड्यात या कानाचं त्या कानाला झालं. कुणी म्हणतं, पाण्यातल्या औषधाने झालं. कुणी म्हणतं, मला काहीतरी साथीचं झालंय. माझ्या वर्गात अठरा मुलं होती, आता अकरा आहेत. व्यवस्थापक भला माणूस आहे. त्याने काल चहा पाजला आणि सुचवलं की केस येईपर्यंत मी तिकीटखिडकीवर बसावं. आत्या, मी नऊ वर्षं पोहायला शिकवतेय. त्या खिडकीत मी सुकून जाईन.

तुझ्याकडे दोन कामं आहेत. एक, मला केसांचा टोप करून दे. मापं सोबत लिहिली आहेत. दुसरं काम सल्ल्याचं. सकाळच्या मोठ्यांच्या तुकडीत एका साप्ताहिकाच्या उपसंपादक बाई आहेत. चार महिने झाले, अजून कठडा सोडत नाहीत, पण बाई धीट आहेत. त्या म्हणतात, हे सगळं सरळ लिहून काढ, नावानिशी छापू, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. एक मन म्हणतं लिहावं. दुसरं म्हणतं, घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला. बाबांना विचारलं तर ते म्हणाले की आत्याला विचार, आणि सायकलची साखळी चढवायला गेले. साखळी उतरलेली नव्हती.

उत्तर लवकर दे. तुझी माया मोजायला मला टेप लागत नाही, ती आहे तेवढीच राहू दे.

तुझी,
बेडकी


११ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं, आणि त्या दिवशी पुढे काम केलं नाही. तू रडली असशील ते या कागदावरही दिसतंय, तेव्हा फोन वाचवून काही मिळवलं नाहीस.

आधी कामाचं. टोप करते. तुझी मापं साफ चुकली आहेत, टेप केसांच्या रेषेवरून घ्यायची असते, भुवईवरून नाही. पण काळजी नको, तुझं माप मला ठाऊक आहे. आपल्या घराण्याची डोकी एका साच्यातली, आत काय भरलंय तेवढंच वेगळं. माझ्याकडे एक लाकडी डोकं आहे, ते तुला बरोबर जमेल. आणि एक गंमत सांगते. शाळा संपल्यावर तू हट्टाने वेणी कापून घेतलीस, ती मी कागदात गुंडाळून ठेवली होती. पुढची बाजू त्या केसांची करीन, मागे विकतचे. महिना लागेल. एकेक केस सुईएवढ्या आकडीने जाळीत गाठवायचा असतो, पाण्यात उडी मारण्यासारखं ते नाही.

आता सल्ला. तुला माझं दुकान आठवत असेल. घड्याळजीच्या वर, मागच्या जिन्याने. पुढचाही जिना आहे, पण गिऱ्हाईक त्याने कधी आलेलं नाही. फळ्यांवर लाकडी डोकी आहेत, डोक्यांवर नंबर आहेत, नाव कुठेच नाही, वहीतसुद्धा नाही. लहानपणी तू विचारलं होतंस की नंबर दोनपासून का सुरू होतात. मी म्हटलं होतं, एक नंबर वाळवीने खाल्ला. अडतीस वर्षांत एकाही बाईचं गुपित या जिन्यावरून खाली उतरलेलं नाही, आणि तू म्हणतेस नावानिशी छापू. झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. लोक वाईट नसतात, पण त्यांना विषय लागतो. दोन दिवस कौतुक होईल, तिसऱ्या दिवसापासून जो तो तुझ्याशी बोलताना तुझ्या डोक्याकडे बघेल, आणि ते मग कधी थांबत नाही. त्यापेक्षा दोन-तीन महिने खिडकीत बसलीस तर आभाळ कोसळणार नाही. टोप आला की कुणाला पत्ता लागायचा नाही. माझं ऐक, हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत.

नीट जेव. तुझ्या बापाला म्हणावं, साखळी सोड आणि पोरीजवळ बस.

तुझी,
आत्या


१८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पार्सल काल मिळालं. दोरी दाताने तोडली, आणि आतून निघाला एका साठीच्या बाईचा टोप. काळ्यात करडे, करड्यात पांढरे, मधोमध भांग, कानाशी वळण. आधी मला हसू आलं. म्हटलं, आत्याने कुणातरी गिऱ्हाइकाचं खोकं मला पाठवलं, आता ती बाई माझे केस घालून मिरवत असेल. मग गंमत म्हणून डोक्यावर चढवला. असा बसला की जणू माझ्यावरच केलाय. आरशात बघितलं तर आत तू होतीस.

मी पलंगाच्या कडेवर बसले आणि एकेक आठवायला लागलं. तळ्यावर गेलो की तू कधी पाण्यात उतरायची नाहीस, सगळ्यांचे कपडे राखत बसायचीस. वारा सुटला की तुझा हात आधी कानाजवळ जायचा. मी तुझी वेणी घालायचा हट्ट केला की तू मला गोळ्या देऊन पिटाळायचीस. आणि बाबांची ती साखळी. खोक्यावर नंबर नव्हता, कारण घरच्यांना नंबर नसतो. म्हणूनच अदलाबदल झाली ना?

मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. तीन महिने मला वाटतंय की आपल्यात अशी मी एकटीच. तीन महिने मी आरशावर टॉवेल टाकून दात घासत होते. फेब्रुवारीत तू मला दोन पानं लिहिलीस. त्यात एक ओळ असती की हे मलाही झालं होतं, तर टोप वर्षाने आला असता तरी चाललं असतं. उलट तू मला खिडकीत बसायला सांगितलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची असेलही, पण त्या मुठीत माझा वाटा होता.

तुझा टोप रजिस्टर पोस्टाने परत पाठवतेय, तू जुन्यावर दिवस काढत असशील. माझा पाठव.

लोभ आहे, फक्त सध्या तो रुसून बसलाय.

बेडकी


२९ मार्च

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

आठवडाभर पत्र समोर ठेवून कामं करत होते. आज लिहिते.

चूक कशी झाली ते तू बरोबर ओळखलंस. दोन्ही टोप मी एकाच लाकडी डोक्यावर केले, आधी माझा, मग तुझा. खोकी सारखी, नंबर एकावरही नाही, आणि पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं. जे हाताला लागलं ते बांधलं. इतकी वर्षं जपलेलं पितळ उघडं पडलं ते माझ्याच हातच्या गाठीने.

मी तेवीस वर्षांची होते आणि कापडाच्या दुकानात उभी असायचे. सहा आठवड्यांत सगळे केस गेले, पापण्यांसकट. तुझ्या आजीने विश्वासाने एका शेजारणीला सांगितलं आणि आठवड्याभरात सगळी गल्ली धीर द्यायला आली. यायची, चहा घ्यायची, रुमालाखाली काय आहे त्याचा अंदाज घ्यायची आणि जायची. मालकाने मला मागे गोदामात बसवलं, गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही म्हणून. तोही भला माणूस होता. तुझा बाप तेव्हा सोळा वर्षांचा. कुठूनतरी त्याने शोधून काढलं की इथे एक म्हातारी टोप करते, आणि शाळा बुडवून मला घेऊन आला. तिने माझा टोप केला आणि कामाला मलाच ठेवून घेतलं. गल्लीत आम्ही सांगितलं की केस परत आले. तुझ्या बापाने शब्द दिला होता की कुणाला सांगणार नाही, आणि त्या माणसाने तो बायकोपाशीसुद्धा पाळला.

तेव्हापासून मी दर दोन वर्षांनी नवा टोप करते आणि त्यात पांढरे केस थोडे वाढवते. नाहीतर माणसं म्हणतील, हिचं वय कुठे गेलं. पंचेचाळिसाव्या वर्षी कानाशी पहिले चार पांढरे गाठवले, त्या दिवशी मला रडू आलं. बाकीच्यांना म्हातारपण आपोआप येतं, मला ते एकेक केस करून बसवावं लागलं.

खिडकीत बस असं तुला लिहिताना मला माझं गोदाम आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि तरी लिहिलं. त्याची मला लाज वाटते. खिडकीत बसू नकोस. बाकी तुझा राग रास्त आहे, तो मी ठेवून घेतलाय.

लिहायचं तर लिही, तुझं डोकं तुझं आहे. पण माझं माझं आहे. माझ्याबद्दल त्यात अवाक्षर नको. खाली घड्याळजी ते साप्ताहिक जाहिरातींसकट वाचतो, आणि या गावात टोप करणारी मी एकटी आहे.

तुझा टोप सोबत पाठवतेय. मी घातला नव्हता. म्हणजे एकदाच, दार लावून.

रुसवा संपला की कळव.

तुझी,
आत्या


३ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रुसवा तुझ्या पत्राच्या दुसऱ्या पानावर संपला. टोप सुंदर झालाय. आईने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली की ही माझ्या लेकीची शाळेतली वेणी, आणि मग डोळे पुसत बसली.

व्यवस्थापकाला मी खिडकीचं नाही म्हणून सांगितलं. सोमवारी टोपी न घालता, टोपही न घालता मुलांसमोर उभी राहिले आणि काय झालंय ते सांगितलं. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. डोक्याला थंडी वाजते का, पोहताना वेग वाढतो का, आणि हात लावून बघू का. मग रांग लावून सगळ्यांनी हात लावला. वेगही मोजला. टोपी घालून लागतो त्यापेक्षा अर्धा सेकंद कमी लागला, आणि तेव्हापासून दोघीजणी आईकडे टकलाचा हट्ट धरून आहेत. पण कठड्यापलीकडे उभे असलेले पालक काही विचारत नाहीत, नुसते बघतात. वर्गात आता नऊच मुलं उरली आहेत. सात झाली की वर्ग बंद करायचा नियम आहे. म्हणून लेख हवाय.

आता माझा गुन्हा. तुला रागाचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी लेख लिहून देऊन टाकला होता, आणि त्यात तुझं खोकं आहे. नाव नाही, पण टोप बनवणारी आत्या आहे, म्हणजे झालंच. तुला विचारायला हवं होतं. तू तुझी गोष्ट झाकलीस म्हणून मी चिडले, आणि उठून तीच गोष्ट तुला न विचारता उघडी केली. दोघींत कोण जास्त चुकलं ते मला ठरवता येईना.

उपसंपादक बाई म्हणतात, त्या खोक्यात लेखाचा जीव आहे, ते काढलं तर डॉक्टरच्या भिंतीवरची सूचना उरेल. छपाई सतरा तारखेला आहे, पंधरापर्यंत काढता येईल. तू नको म्हणालीस म्हणजे नको, मी काढणारच आहे. गुपचूप काढून टाकता आलं असतं, पण मग तेही एक गुपित झालं असतं आणि आपल्याकडे ती आधीच भरपूर आहेत. तो भाग सोबत ठेवलाय. वाच, मग फाड.

आपला लोभ जाळीवर गाठवलेला आहे असं मी धरून चालते, एवढ्या तेवढ्याने निसटायचा नाही.

तुझी,
बेडकी


१० एप्रिल

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

वाचला. फाडला नाही. तू लिहिलंयस की आरशात मी दिसले, आणि त्या दिवसापासून तू आरशावरचा टॉवेल काढलास. ती ओळ मी तीनदा वाचली. बाकी वाक्यं फार धापा टाकतात तुझी, पोहताना श्वास कधी घ्यायचा ते शिकवतेस ना लोकांना.

परवा दुकानात एक नवी बाई आली. शाळेत भूगोल शिकवते. दोन रुमाल एकावर एक बांधलेले, आणि माप द्यायला एकही सोडेना. अशा वेळी मी आरसा भिंतीकडे फिरवते, पाठ करून बसते आणि वाट बघते. म्हातारीने मला तेच शिकवलं होतं. अर्धा तास गेला. तिने विचारलं की रुमालावरूनच माप घेता येईल का. मी म्हटलं, येत नाही. ती उठली आणि निघाली. दारापर्यंत गेली होती.

मला तुझा टॉवेल आठवला. कपाटातून ते लाकडी डोकं काढलं, टेबलावर ठेवलं, आणि माझा टोप काढून त्याच्यावर बसवला. अडतीस वर्षांत दुसऱ्या माणसासमोर पहिल्यांदा. वारा लागला तो थेट कानामागे, बाई बघत होती, आणि टोप त्या डोक्यावर वाकडा बसला. तिने विचारलं की उन्हाळ्यात याच्याखाली घाम येतो का. मी म्हटलं, येतो, धारा लागतात. ती परत येऊन खुर्चीवर बसली आणि तिने रुमाल सोडले. माप घेताना आम्ही उन्हाळ्याबद्दलच बोललो. जाताना ती हसत होती, आणि ती गेल्यावर मी दार लावून पुन्हा रडले, पण ते वेगळं होतं.

तेव्हा मी असं ठरवलंय. या जिन्याने जी कुणी वर येईल, तिला गरज पडली तर मी सांगेन. तिला ते कामाचं आहे. घड्याळजीला, दूधवाल्याला आणि साप्ताहिकाच्या सगळ्या वाचकांना ते कामाचं नाही. माझा भाग काढ, अख्खा काढ. पण रिकाम्या जागी एक ओळ घाल, माझ्याकडून: आमच्या घरात असं झालेली मी पहिली नाही. एवढीच. कोण, कधी, कुठे, असं कुणी विचारलं तर सांग की ते ज्याचं त्याचं.

ही ओळ घालायला तुला परवानगी आहे आणि माझी इच्छाही आहे. बाईंना म्हणावं, लेखाचा जीव गेला तर मला दोष द्या आणि आता कठडा सोडा.

तुझी,
आत्या


२६ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लेख छापून आला. अंक सोबत आहे. नाव माझं, फोटो माझा, डोकं जसं आहे तसं.

साप्ताहिकाकडे तेवीस पत्रं आली आहेत. मला वाटलं होतं, माझ्या धाडसाचं कौतुक असेल. ते दोन-तीन पत्रांत आहे, बाकी सगळी तुझ्या ओळीवर आहेत. एकीने लिहिलंय की तिच्या मावशीने जन्मभर डोक्यावरचा रुमाल का काढला नाही ते तिला आत्ता कळलं. एक गृहस्थ लिहितात की त्यांनी लेख वाचून झाल्यावर बहिणीला फोन केला आणि दोघं तासभर बोलले, काय ते लिहिलेलं नाही. उपसंपादक बाईंनी कबूल केलं की खोक्यापेक्षा ती ओळ भारी ठरली, आणि बुधवारी त्यांनी कठडा सोडला. पाच हात पोहल्या, मग मला घट्ट धरलं.

वर्गात तेरा मुलं झाली. अठरा नाही झाली, पण वर्ग आता बंद पडत नाही. एक आई येऊन सरळ म्हणाली की ती चुकली, तिने मुलीला काढायला नको होतं. व्यवस्थापकाने लेख कापून तिकीटखिडकीच्या काचेवर चिकटवलाय. मी त्याला म्हटलं, शेवटी बसवलंतच मला खिडकीत. तो ओशाळला आणि मग पोट धरून हसला.

बाबांनी तुला फोन करून विचारलं आणि मग आईला सगळं सांगितलं, हे तुला माहीत आहेच. पुढचं माहीत नसेल. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, इतकी वर्षं पोटात ठेवलंत म्हणून. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की तिच्या भांगाशी केस विरळ झालेत, आत्या काही करू शकेल का. बाबा मात्र बोलत सुटलेत. सोळा वर्षांचे असताना तुला घेऊन कसे आले, वाटेत तू किती वेळा परत फिरलीस, सगळं. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

एक अडचण आहे. लेखात माझ्या टोपाचं एक वाक्य राहिलंय, त्यावरून सहा पत्रांत विचारलंय की टोप कुणी केला, पत्ता द्या. मी कुणालाही दिलेला नाही. तुझ्या शब्दाशिवाय देणार नाही.

कळव. तुझ्या लोभाचा पत्ता मात्र मी कुणाला देणार नाही, तो माझ्याजवळच राहील.

तुझी,
बेडकी


२ मे

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्ता दे. सहाही जणींना दे. म्हणावं, मागच्या जिन्याने या की पुढच्या, तुमची मर्जी. पुढचा मी झाडून घेतलाय आणि दिवा लावलाय. दार गंजलं होतं, बिजागरीला घड्याळजीने तेल घातलं. लेख त्याने वाचला होता. तेल घालताना म्हणाला की तुमची भाची छान लिहिते. एवढंच म्हणाला, आणि मीही त्याला चहाच विचारला.

तुझ्या आईला म्हणावं, ये, तुझं माप घेते. नंबर दोनशे सोळा. घरची म्हणून तिला सूट नाही, घरच्यांना नंबर न दिल्याने काय होतं ते आपण पाहिलं.

तुझ्यासाठी नवं लाकडी डोकं सुताराकडे सांगितलंय, एकावर दोघींचं भागवणं आता बंद. तुझे केस परत आले तर ते तसंच राहू दे, फळीवर शोभेल. आले नाहीत तर तुझी वेणी माझ्याकडे अजून थोडी शिल्लक आहे. पुढच्या महिन्यात मी चार दिवस तुमच्याकडे यायचं म्हणते. पाण्यात गुडघ्यापर्यंतच उतरेन, आग्रह करू नकोस. पण डोक्यावर काही न घालता उतरेन, तलावाला सुट्टी असते त्या दिवशी, आणि तू मला धरायचं.

कपाटातलं ते जुनं डोकं मी काल बाहेर काढलं, पुसलं, ब्रश घेऊन त्याच्यावर आकडा काढला आणि वरच्या फळीवर दोनच्या अलीकडे ठेवलं. जागा तिथे पहिल्यापासून होती, तू लहानपणी बरोबर ओळखलं होतंस. आज सकाळी भूगोलाच्या बाई टोप न्यायला आल्या, पुढच्या जिन्याने. टोप घालून झाल्यावर त्या फळ्या बघत उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं की एक नंबर कुणाचा. मी सांगितलं, माझा.

तुझी,
आत्या